फोडणी बंद असलेलं घर

माय,

तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तरी हा कागद कुणाकडून तरी वाचून घ्यावा लागला असता, आणि वाचणारं आपल्याच घरातलं कुणीतरी असतं, म्हणजे मग मी हे लिहिलंच नसतं. आता तू नाहीस, म्हणून लिहायला बसले. मला तरी कुठं येत होतं लिहायला? लग्नानंतर यांनी शिकवलं. दिवसभर कचेरीत उर्दूत लिहून यायचे आणि संध्याकाळी मला मराठी गिरवायला लावायचे. त्यांच्याच कचेरीतल्या कागदाची कोरी बाजू आहे ही. दुपारची वेळ आहे, सासूबाई जेवून आडव्या झाल्यात, आणि माझी पोरगी आतल्या खोलीत तापानं फणफणली आहे. काल नुसता ताप होता. आज सकाळी सासूबाईंनी तिचे केस मागं सारून कानामागं बघितलं, आवाज एकदम खाली आणला आणि म्हणाल्या, "आईसाहेब आल्यात." झालं. दारावर कडुलिंबाचा डहाळा लागला, वहाणा बाहेर गेल्या, माझे केस विंचरायचे राहिले ते राहिलेच. आणि मी चुलीपुढं बसणार तेवढ्यात त्यांनी सांगितलं, "आजपासून फोडणी बंद." ते ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. हे कचेरीला जाताना म्हणाले, "संध्याकाळी आल्यावर बघू. गोवरच आहे, सगळ्यांना येतो." सगळ्यांना येतो हे मलाही ठाऊक आहे. मी सकाळपासून तेच घर पुन्हा पुन्हा झाडतेय.

तुला आठवतं का गं, हर्सूलच्या आपल्या घरात तू आमच्या दुखण्याची परीक्षा कशी घ्यायचीस? अंगाला हात लावून बघणं तर सगळ्याच बाया करतात. तू हात लावायचीस आणि तिथं थांबायची नाहीस. सरळ चुलीकडं जायचीस. ती लोखंडी पळी निखाऱ्यावर धरायची, तेल, मोहरी, ठेचलेला लसूण, आणि वरून असेल ते वरण नाहीतर नुसतं पाणी. चर्र झालं की तू तशीच पळी हातात घेऊन उभी, कान आतल्या खोलीकडं. वास घरभर फिरायचा. आतून "माय, काय केलं गं?" असं आलं की तुझे खांदे खाली यायचे. "घरचंच दुखणं हाय," म्हणायचीस आणि सुंठ उगाळायला घ्यायचीस. मी एकदा शेण गोळा करायला जायचं नाही म्हणून पोटात दुखतंय असं सोंग केलं होतं. गोधडीत तोंड खुपसून कण्हत होते. तू फोडणी दिलीस आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "ठेचा केला का? मला भाकर दे." तू आत आलीस, गोधडी ओढलीस आणि पाठीत असा धपाटा घातलास की खरंच दुखायला लागलं. "पोटात दुखतंय म्हणं! ऊठ, पाटी घे." भाऊ चुलीपाशी बसून इतका हसला की त्याला उचकी लागली. लहान होता तेव्हा, ठेचा म्हणताही येत नव्हतं, थेचा म्हणायचा.

आणि मग तो हिवताप. मी थंडीनं कुडकुडत होते, नंतर अंगाची लाही व्हायला लागली. मला त्यातलं फार आठवत नाही, तूच पुढं शेजारणींना सांगायचीस त्यावरून जुळवलंय. बाबा माळवं घेऊन शहरात गेलेले. तू फोडणी दिलीस. मी काही विचारलं नाही. तू दुसऱ्यांदा दिलीस, लसूण जास्तीचा घातलास, पळी तशीच धूर निघत असलेली घेऊन माझ्या उशापाशी आलीस. मी डोळे उघडे ठेवून आढ्याकडं बघत होते म्हणे, आणि नाकसुद्धा हललं नाही. तू पळी तिथंच खाली टाकलीस. शेणानं सारवलेल्या जमिनीवर तिचा काळा गोल पुढं कितीतरी दिवस होता. शेजारच्या खालांच्या दारात जाऊन तू एवढंच म्हणालीस, "चाचा, टांगा." खालांचा नवरा, आपले चाचा, टांगा हाकायचे; ते जेवायला बसले होते. ताटावरून उठले आणि हातही न धुता घोडा जोडला. दिल्ली दरवाजातून आपण आत शिरलो तेव्हा तू मला पदराखाली घेऊन बसली होतीस, हे मात्र मला खरंच आठवतं, तुझ्या पदराला फोडणीचा वास येत होता आणि मला तो कसला वास आहे ते कळत नव्हतं. दवाखान्यात कोयनेल दिलं. इतकं कडू की दिवसभर मी तुझ्या नावानं बोटं मोडली. वाचले मी. तू लगेच उठलीस म्हणून वाचले, आणि घरात फोडणी होती म्हणून तुला उठायचं कळलं.

थांब. आवाज आला वाटतं.

काही नाही, कूस बदलली तिनं. पाणी पाजलं, दोन घोट घेतले. ओठ सुकलेत. डोळे लाल झालेत आणि उजेड सोसत नाही तिला, खिडकीला लुगडं बांधलंय. श्वास घेताना नाकपुड्या हलतात का ते बघत बसले. कधी हलतात असं वाटतं, कधी नाही. मी बघते म्हणूनच हलतात की काय कुणास ठाऊक. किती वेळ बघावं माणसानं? बघून बघून मला माझाच श्वास जड वाटायला लागला, मग उठून आले.

भावाचा गोवर मला फार नीट आठवतो. तोवर मी शेण गोळा करायला, पाणी भरायला, सगळ्याला जात होते, समज आली होती. त्याच्या अंगावर पुरळ दिसलं आणि आत्या उठून उभी राहिली. बाबांची मोठी बहीण, नवरा गेल्यापासून आपल्याकडंच होती, तिचा शब्द घरात शेवटचा. मी तिला वाईट म्हणणार नाही. तिची स्वतःची लेकरं अशाच गोवरातून उठली होती, कडुलिंब, दहीभात आणि थंड पाणी, एवढ्यावर. तिनं जे पाहिलं होतं तेच ती सांगत होती. "वैनी, आता घरात तेल कढवायचं नाय. आईसाहेबास्नी धग सोसत नाय. पोराला कुणी रागं भरायचं नाय. नवव्या दिशी आईसाहेबांची बोळवण करू, बघ कसा उड्या मारतोय." तू मान हलवलीस. तू स्वतः ते सगळं मानत होतीस, उगाच मी तुला शहाणी करत नाही. पळी तू धुवून, पुसून, उतरंडीच्या मागं ठेवलीस. आणि दुसऱ्या दिवसापासून तू घरात अशी फिरायला लागलीस की जसं काहीतरी ठेवलेलं सापडत नाही. पोराला हात लावायचीस, चुलीकडं जायचीस, आणि तिथं गेल्यावर करायला काहीच नसायचं. बिनफोडणीचं वरण, दही, भात. तू चुलीपुढं बसून राहायचीस आणि पुन्हा उठून त्याच्यापाशी यायचीस. तुझी ती ये-जा आज मला माझ्या पायांत जाणवतेय, माय. तेव्हा मला नुसता राग यायचा. वाटायचं, ही एका जागी बसत का नाही.

पुरळ मावळायला लागलं. आत्या म्हणाली, "उतार पडला." पण ताप काही उतरला नाही, आणि भाऊ रडायचा बंद झाला. आत्याला ते बरं लक्षण वाटलं, "आता निवांत झोपतंय." तुला वाटलं नाही. तू परसात गेलीस, मी तुझ्या मागं. आपली आणि खालांची मधली भिंत तुझ्या खांद्याएवढी होती. तू पलीकडं डोकावून हळूच म्हणालीस, "खाला, तुमी आज बघार या भिंतीजवळच्या चुलीवर द्याल का? लसूण जरा जास्ती घाला." फोडणीला खाला बघार म्हणायच्या. त्यांनी तुझ्याकडं बघितलं. त्यांना काय समजायचं ते समजलं. त्यांच्याही घरात माता आली की कढई उतरायची, पण त्या दिवशी त्यांच्या घरात ती नव्हती. म्हणाल्या, "हौ बेटी, देती मैं. तू छोरे कू इधर दीवार के पास ला." तू आत्याला म्हणालीस, आत कोंदट होतंय, पोराला जरा वाऱ्याला घेते. भिंतीला टेकून तू त्याला मांडीवर घेऊन बसलीस. पलीकडं चर्र झालं. वास आला, आपल्यापर्यंत आला, मला लागलीच भूक लागली. भावानं तोंड भिंतीकडं फिरवलं. ओठ हलले. आवाज मला ऐकू आला नाही, पण ओठ हलले ते मी पाहिलं. तू एकदम हसलीस, डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू, आणि म्हणालीस, "विचारलं! खाला, विचारलं माझ्या लेकरानं!" पलीकडून खाला म्हणाल्या, "अल्ला का शुक्र." तू त्याला आत आणून निजवलंस आणि त्या दिवशी किती दिवसांनी पोटभर जेवलीस.

किती वेळा मी त्या ओठांचा विचार केला असेल! पोरगं विचारत होतं की त्याला श्वास घ्यायला तोंड उघडावं लागत होतं? की ऊन तोंडावर येत होतं, म्हणून त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं? आणि तू, एवढी धीराची बाई, मला घेऊन जाताना कुणाला विचारलं नाहीस, तू दुसऱ्याच्या चुलीवरची उसनी फोडणी का घेतलीस गं? आपल्या घरात द्यायची होतीस. आत्या काय करणार होती? ओरडली असती. ओरडू द्यायचं होतंस. हे मी रागानं लिहितेय, मला कळतंय. पण तू मला आज भेटलीस तर पहिलं हेच विचारीन, बाकी सगळं नंतर.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू त्याच्या छातीवरचं कापड बाजूला केलंस आणि बराच वेळ बघत राहिलीस. बरगड्यांच्या खाली खळगा पडत होता. मग उतरंडीमागनं पळी काढलीस. आत्या तुळशीपाशी होती. तेल तापल्याचा वास आला तशी धावत आली. "वैनी! येडी झालीस का काय? घरात आईसाहेब हायत!" तू तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. लसूण टाकलास. सगळं घर त्या वासानं भरलं, इतक्या दिवसांनंतर तो वास मला परका वाटला. तू पळी घेऊन उभी राहिलीस. आत्या ओरडायची थांबली, तीही ऐकायला लागली, मी पाहिलं ना. आतून काहीच आलं नाही. तू त्याला उचललंस. चाचांना हाक मारायची गरज पडली नाही, वास भिंतीपलीकडं गेला होता, ते घोडा जोडतच होते.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याच्या छातीला कान लावला आणि उठून म्हणाले, "बहुत देर कर दिए आप लोग." वाईट माणूस नव्हता, हळू आवाजात बोलला. आपण भावाला तसाच गुंडाळून परत आणला. चाचा रस्ताभर घोड्याला चाबूक न लावता चालवत होते. घरी पोचलो तर आत्या उंबऱ्यात बसली होती. तिनं डोकं आपटून घेतलं आणि म्हणाली, "घाई केलीस गं वैनी. बोळवणीपतुर थांबली असतीस तर. कोप झाला." एकाच दिवशी एकानं तुला उशीर केला म्हटलं आणि दुसरीनं घाई केली म्हटलं. गावात बायका आत्याचंच खरं धरून बसल्या. तू कुणाशी भांडलीच नाहीस. मला वाटायचं भांडावंस, माझ्यासाठी तरी.

त्यानंतर तू बदललीस. साधी सर्दी झाली, काटा रुतला, खोकला आला की तू टांग्यात. चाचांनी तर विचारायचंच सोडून दिलं. दवाखान्यात कंपाउंडर हसायचा, "हर्सूलवाली बाई आई क्या?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. चांगली धडधाकट मी, आणि तू मला पदराखाली झाकून बाकावर बसलेली. घरी फोडणी पूर्वीसारखीच व्हायची, पण ती पळी घेऊन तू पुन्हा कधी ऐकत उभी राहिली नाहीस. माझ्या लग्नात तू मला भांड्यांबरोबर तीच पळी दिलीस. तांब्याच्या लखलखीत भांड्यांत ती काळी पळी बघून माझी जाऊ हसली होती. तू काहीच सांगितलं नाहीस. पहिलं बाळंतपण झाल्यावर मीच तुला विचारलं, "माय, लेकराला कधी घरी ठिवायचं आन् कधी न्यायचं, कसं कळतं?" पोर माझ्या मांडीवर होती, हीच, जी आत्ता आत आहे. तू तिच्या तळपायाला तेल लावत होतीस. म्हणालीस, "कळत नाय. कळलं असं वाटलं की तिथंच घोटाळा होतो." मला इतका राग आला होता तुझा! म्हटलं, पळी देतेस आणि विद्या देत नाहीस. ही काय सांगायची रीत झाली? लेकीला काहीतरी हाताशी द्यावं माणसानं. पुढच्या उन्हाळ्यात तू गेलीस आणि तो राग माझ्यापाशीच राहिला.

सासूबाई घोरतायत. बाहेर गुलमंडीकडं जाणाऱ्या टांग्यांचा आवाज येतोय. संध्याकाळी हे येतील, बघतील, म्हणतील सकाळी बघू. मी पुन्हा आत जाऊन आले. पोरगी रडत नाही. सकाळी रडत होती, पाणी नको, पांघरूण नको, सारखी कुरकुर, मला नकोसं झालं होतं. आता तासभर कुरकुर नाही. निवांत झोपली असंही म्हणता येईल. आत्या तेच म्हणाली असती.

उठते मी.

टांगा यायचाय, तोवर लिहिते. घाईत अक्षर बघ कसं आलंय. पळी काढली, निखारे फुंकले, तेल, मोहरी, लसूण. लसूण भरपूर, तुझ्यासारखा. चर्र झालं तशा सासूबाई ताडकन उठल्या. पदर सावरत स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "अगं सूनबाई, काय केलंस हे! घरात आईसाहेब आल्यात ना? कोप झाला म्हंजे?" मी म्हटलं, "झाला तर माझ्यावर होऊ द्या. तुम्ही जरा गप्प राहता का?" असं मी त्यांना आजवर कधी बोलले नव्हते. आम्ही दोघी तिथं उभ्या, माझ्या हातात पळी, त्यांचा हात चौकटीवर, आणि घरात नुसता वास. मला वाटलं, आता नाही. मग आतून बारीक आवाज आला, घशातून फाटलेला, "आई, काय गं केलंस?"

मी तिथंच खाली बसले, माय. रडले, मोठ्यानं रडले, पळी हातात तशीच. सासूबाई म्हणाल्या, "बघ, बरी आहे पोर. आता काय रडतेस?" बरी आहे, तुझ्या परीक्षेत पास झाली. तरी मी तिला गुंडाळलंय आणि आम्ही निघालोय. सासूबाईंनी मला अडवलं नाही. दारावरचा कडुलिंबाचा डहाळा काढून हातात घेतलाय, म्हणतात टांग्यात पोरीच्या उशाला ठेवीन, मीबी येते.

एक सांगायचं राहिलं. टांग्याला मी फोडणीच्या आधीच सांगितलं होतं. खिडकीतून हाक मारली, गुलमंडीला सवारी सोडून परत ये म्हटलं, आणि मग चुलीपाशी गेले. पोरीनं विचारलं तरी नेणार होते, नसतं विचारलं तरी नेणार होते. मग फोडणी कशाला दिलीस, म्हणशील. मला काही कळून घ्यायचं नव्हतं गं. दवाखान्यात पोचेपर्यंत कानात काहीतरी हवं होतं, एवढंच. भिंतीपाशी तुलाही तेवढंच हवं होतं, हो ना? टांगा आला. कागद पिठाच्या डब्याखाली ठेवते.